तीन कोटी ओळींची होडी

हर्षददादांचे दोन चहा संपले तरी त्यांच्या होडीचं टोकन स्क्रीनवर आलं नव्हतं.

हर्षददादा म्हणजे आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. दिवेआगर सोडून पुढं आलं की खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा लागतो. धक्क्याला लागून सोसायटीचं ऑफिस आहे, तिथे मी कंप्युटरवर बसते. मी क्रांती. सव्वीस जुलैला सकाळी दादा सहज म्हणून आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, माझ्या होडीचं टोकन काढून दाखव बघू. मी नंबर टाकला, बटण दाबलं आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण दादा दुसरं काहीच बघत नव्हते. टोकन एकोणीस मिनिटांनी आलं. अगदी बरोबर आलं, एक अक्षर चुकलेलं नव्हतं, पण त्याचं कौतुक कुणाला?

टोकन म्हणजे होडी समुद्रात न्यायचा सोसायटीचा कागद. होडीचा नंबर, मालक, खलाशी, परवाना कधीपर्यंत चालतो, मागची फेरी कधी झाली, हे सगळं त्यावर असतं. तो नसेल तर धक्क्यावरून होडी सोडत नाहीत. इतकी वर्षं तो हाताने लिहायचे. या वर्षीपासून मी केलेल्या प्रोग्रॅममधून छापून निघणार होता. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. त्या दिवशी सकाळी एकशे अठरा होड्या एकदम सुटणार, आणि भरती काही सोसायटीची नोकर नाही. पाणी उतरायला लागलं की खाडीच्या तोंडाशी होड्या गाळात बसतात. म्हणजे सगळी टोकनं निघायला माझ्याकडे जेमतेम दोन तास होते.

दादांनी मोबाईलवर गुणाकार केला, मला दाखवला आणि शांतपणे म्हणाले की एकतीस तारखेपर्यंत बघतो, नाहीतर ऋत्विकला बोलावतो. ऋत्विक त्यांचा भाचा. पनवेलला त्याची सॉफ्टवेअर कंपनी आहे, म्हणजे एक गाळा, दोन लॅपटॉप आणि दारावर बोर्ड. तो आला की मी घरी, हे दादांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

आता खरं सांगते. महाप्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने मला काढलं होतं. गावात मी सांगितलं होतं की मीच सोडली, तिथली हवा सोसत नव्हती. आई सोडून कुणाला ते पटलं नव्हतं, आणि आईलाही पटलं नसावं. सोसायटीतलं हे काम हातात आलं तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटलं. मला ते हवं होतं. उगाच नखरे कशाला करू?

तर मी कामाला लागले. काही हळू चाललं की माणूस आधी मशीनला शिव्या देतो, तसं मीही केलं. मशीन बंद केलं, चालू केलं. म्हसळ्याला जाऊन जास्तीची मेमरी आणून घातली. एकोणीस मिनिटं. फाइल दुसऱ्या कंप्युटरवर चालवून बघितली. तिथे तेवीस. दीपेश खिडकीशी उभा राहून हे सगळं बघत होता. एक नारळ फोड यंत्रापुढं, असा सल्ला त्याने दिला. मी त्याच्यावर डोळे वटारले.

दीपेश आमच्या होडीवरचा खलाशी. खलाशी म्हणायला. त्याचं मुख्य काम निरोप्याचं. आमची होडी माझ्या वडलांची, आबांची, आणि धाकट्या बुधाकाकाची. दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, पण होडी एकच, म्हणून रोज तीत बसतात. आबा पुढे नाळेशी, काका मागे सुकाणूवर. मधे दीपेश. आबांनी म्हणायचं, त्याला सांग, डाव्या अंगाला घे. दीपेशने मागे जाऊन सांगायचं. काकाने म्हणायचं, त्याला सांग, मला कळतंय. दीपेशने पुढे येऊन सांगायचं. तोवर होडी भलतीकडेच गेलेली असते. हे सगळं कशावरून, तर आजोबा गेल्यावर होडीवर पहिलं नाव कुणाचं यावरून. आबा थोरले, आणि काका तांडेल, म्हणजे होडी हाकणारा. सरकारी परवाना अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा वारले तरी होडीचे मालक तेच, कारण निदान त्यांच्याशी कुणाचं भांडण नाही.

असो. तर ती क्वेरी, म्हणजे टोकनासाठी डेटाबेसला घातलेला प्रश्न. टोकनावरची माहिती माझ्या डेटाबेसमधे पाच टेबलांत विभागून ठेवली आहे: होड्या, मालक, खलाशी, परवाने, फेऱ्या. होडीच्या नंबरावरून पाचही एकमेकांना जोडायची आणि एक कागद काढायचा. यालाच जॉइन म्हणतात, आणि यात काही मोठी विद्या नाही. टेबलं मोठी असली की जोडायला वेळ लागतो, मग त्यांना इंडेक्स घालायचे, म्हणजे पुस्तकाच्या मागे सूची असते तशी सूची करून द्यायची. मी पाचही टेबलांना इंडेक्स घातले. बटण दाबलं. सतरा मिनिटं. दोन मिनिटं वाचली म्हणून पेढे वाटावेत अशी माझी अवस्था झाली होती.

मग मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मशीनला विचारलं, बाई, तू नक्की करतेस काय? डेटाबेसला तसं विचारता येतं. ती पायरीपायरीने सांगते: इथून इतक्या ओळी उचलल्या, तिथे जोडल्या. माझ्या हिशोबाने दादांच्या होडीला नऊ खलाशी आणि चारेक वर्षांच्या नऊशे फेऱ्या. आठ हजार ओळी, फार तर तीसेक हजार. मशीन म्हणाली, तीन कोटी एकतीस लाख.

मी डोळे चोळले. आकडा तिथेच होता. एक होडी, नऊ माणसं, आणि एवढाल्या ओळी! ती होती तरी काय, आरमार?

मी एकेक होडी घेऊन वेळ मोजत बसले. काही होड्यांची टोकनं डोळ्याचं पातं लवायच्या आत येत होती. काहींना दहाबारा सेकंद. काहींना तीनेक मिनिटं. आणि अकरा होड्या अशा होत्या की त्यांना सतरा मिनिटं, त्यातली एक दादांची. मधलं काही नाही. मशीन थकली असती तर कमीजास्त झालं असतं. हे तर कुणीतरी पायऱ्या पाडून ठेवल्यासारखं होतं, आणि मला त्यातलं काहीएक समजत नव्हतं.

त्या दिवशी जेवायला सुका जवळा आणि भाकरी होती. मी ताटाशी बसूनही ती अकरा होड्यांची यादी घेऊन बसले होते. आईने, म्हणजे शकूने, कागद खाली ठेव म्हणून दोनदा सांगितलं. मग वैतागून विचारलं की एवढं काय त्यात. मी नावं वाचून दाखवली. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ही तर सगली चार भावांची घरां."

माझा घास तिथेच राहिला. मी तीन मिनिटांवाल्या होड्या वाचल्या. आई म्हणाली, तीन भाऊ. बारा सेकंदवाल्या. दोन भाऊ, आपल्यासारखे. क्षणात येणाऱ्या? एकुलते एक, किंवा भाऊ मुंबईला जाऊन विसरलेले. ज्या घरात भाऊ जास्त, त्या घराची होडी हळू. इतकी वर्षं कंप्युटर शिकले, आणि माझी क्वेरी कशाने अडते ते माझ्या आईने जवळा खाता खाता सांगितलं.

सकाळी मी बाबाजींना धरलं. बाबाजी सोसायटीचे कारकून. चौतीस वर्षं टोकनं त्यांनीच लिहिली, आणि गेली काही वर्षं तीच माहिती एक्सेलमधे टाइप करून ठेवली. माझा सगळा डेटा त्यांच्या त्या फाइलीतून आलेला. मी विचारलं, बाबाजी, हर्षददादांची होडी फाइलीत किती वेळा आहे? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, चारदा. असं म्हणाले जसं कुणी विचारावं, तुमच्या हाताला बोटं किती.

मग त्यांनी कपाटातून जुनी वही काढली आणि मला सगळं दाखवलं. प्रत्येक होडीला भावागणिक एक पान. पहिल्या पानावर थोरल्याचं नाव वर आणि बाकीचे खाली. दुसऱ्या पानावर दुसऱ्याचं नाव वर, बाकीचे खाली. असं शेवटच्या भावापर्यंत. खलाशी प्रत्येक पानावर परत, परवाना परत, फेऱ्याही परत, नाहीतर आमच्या पानावर कमी फेऱ्या का म्हणून वेगळं भांडण. खिडकीशी ज्या भावाने यावं, बाबाजींनी त्याचं पान काढावं. प्रत्येकाला वाटायचं, सोसायटीत पहिलं नाव आपलंच. चौतीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

"पोरी, दोन भाव एका पानावर घालून बघ तू," बाबाजी म्हणाले. "डोकी फुटतील. माझ्या वहीनं चौतीस वरसांत एक डोकं फुटू दिलं न्हाय."

माणूस खरं तेच बोलत होता. समोर कोण उभा आहे ते बघून नेमकं पान काढणारा, आमचा इंडेक्स तोच होता. पण माझ्या मशीनला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. ती बिचारी होडीच्या चार ओळी घ्यायची, त्या प्रत्येकीला मालकांच्या सोळा ओळी जोडायची, त्या प्रत्येकीला छत्तीस खलाशी, मग चार परवाने, मग तीन हजार सहाशे फेऱ्या. प्रत्येकाला प्रत्येक. गुणत गुणत तीन कोटी. आणि त्यातून शेवटी उपसून काढायची एक कागद.

बाबाजींवर ओरडावं असं फार मनात होतं, पण माझीच पापं आठवली. डेटा भरताना मी नियम घातला होता की होडीचा नंबर एकदाच यायला हवा. फाइल चढेना. दादा मागे उभे राहून घाई करत होते, म्हणून मी नियमच काढून टाकला. मग टोकनावर सगळं चारचारदा दिसायला लागलं, तर मी क्वेरीत एक शब्द टाकला, डिस्टिंक्ट, म्हणजे एकसारखं असेल ते एकदाच दाखव. कागद स्वच्छ झाला. दिसायला स्वच्छ. आत मशीन तीन कोटी ओळी निवडत बसली होती आणि मी बाहेर छान दिसतंय म्हणून चहा पीत होते. चोवीस महिने महाप्याला हेच करू नका म्हणून मी दुसऱ्यांना शिकवत होते. मला माझीच लाज वाटली.

दुरुस्ती सोपी होती. एक होडी, एक ओळ. चार भाऊ असतील तर मालकांच्या टेबलात चार ओळी. खलाशी एकदा, परवाना एकदा, फेऱ्या एकदा. अर्ध्या दिवसाचं काम. अडचण एकच. कागदावर भाऊ एकाखाली एक येणार, आणि कुणीतरी वर असणार.

एकोणतीस तारखेला दादांनी मालकांची सभा बोलावली. मी सगळं समजावून सांगितलं. बाबाजींच्या वहीचं गुपित फुटल्यावर पहिली पाच मिनिटं सगळे बाबाजींकडे बघत होते आणि बाबाजी पंख्याकडे. मग जो गोंधळ सुरू झाला! थोरल्याचं नाव वर हवं असं थोरले म्हणाले. धाकटे म्हणाले, जो होडी हाकतो त्याचं. एक जण म्हणाला, ज्याने इंजिन आणलं त्याचं. वर्णमालेने लावा असंही एकाने सुचवलं, आणि त्याचं नाव अनंत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणालं, जाऊ दे, पहिल्यासारखंच राहू दे, वाट बघू आम्ही सतरा मिनिटं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणाले की वादळाचा इशारा आला की किती होड्या बाहेर आहेत ते हाच डेटाबेस सांगणार. तुमची एक होडी परत आली तरी तीन समुद्रात दिसतील. लोक तुमच्या नसलेल्या होड्या शोधत फिरतील आणि खरी कुणाची अडकली असेल ती राहील बाजूला. चालेल?

मग मी म्हणाले, देवीच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा हे आपण कसं ठरवतो? पाळीने. या वर्षी एक घर, पुढच्या वर्षी दुसरं. तसंच करू. प्रत्येक फेरीला पहिलं नाव बदलेल. आज थोरला, उद्या दुसरा, परवा तिसरा. पाळी मशीन मोजेल, कुणाच्या हातात काही नाही. आणि सुरुवात कुणापासून? बंदीच्या आधी मे महिन्यात शेवटचं टोकन ज्या भावाच्या पानावरून फाटलं असेल, त्याच्या पुढच्यापासून. बाबाजींकडे कार्बन कॉप्या आहेत.

यात कुणाला खोट काढता येईना. तरी दादांचे एक धाकटे भाऊ मागून म्हणालेच, "सगलां खरां. पन सदाच्या होडीवर काय करतेस ते बघू आधी. बापाचं नाव पयलं आलं तर आमी न्हाय मानणार."

सदा म्हणजे माझे आबा. सगळे हो म्हणाले. ठरलं की एक तारखेला पहिलं टोकन आमच्या होडीचं काढायचं. ते सरळ निघालं तर बाकीचे मान्य करणार. नाही तर ऋत्विक.

घरी आले तर आबा ओट्यावर खुशीत बसले होते. त्यांना सभेतलं अर्धंच कळलं होतं. शेजाऱ्याला सांगत होते, पोरगी कंप्युटरवर हाय, आता पयलं नाव माझंच. मी तशीच आत गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाबाजींनी मेच्या कॉप्या काढल्या. एकतीस मे. खिडकीशी आले होते आबा. टोकन फाटलं होतं आबांच्या पानावरून. म्हणजे पुढची पाळी बुधाकाकाची.

बाबाजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले की एक कार्बन हरवायला काय लागतं. मी सांगते, मोह झाला. एका आकड्याचा प्रश्न होता. दोनऐवजी एक टाइप केलं की आबांचं नाव वर. सहा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी माझा बाप भावाशी बोलला नाही, ती माझ्या करंगळीखाली होती. संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझा बाप रुसला तर मी बघीन, पण खोटं लिहून त्याला वर चढवलंस तर त्याला वरच राहावं लागेल कायम, आणि तो पडेल. मग म्हणाली, जा, झोप. मी दोन टाइप केलं आणि मशीन बंद केलं.

एक ऑगस्टला सकाळी ऑफिसाच्या खिडकीशी अख्खा कोळीवाडा जमला होता. दादा हातात मोबाईलचं घड्याळ लावून माझ्या मागे. आबा खिडकीशी सगळ्यात पुढे, धुतलेला सदरा घालून. काका खाली धक्क्यावर होडीत, इंजिनशी काहीतरी ठोकत, आपलं लक्षच नाही असं दाखवत. मधे पायऱ्यांवर दीपेश, नेहमीच्या जागी.

मी बटण दाबलं. चक्र फिरलंच नाही. प्रिंटर खडखडला आणि कागद बाहेर आला. दादांनी घड्याळ सुरू करेपर्यंत सगळं संपलं होतं. पण वेळ कोण बघतंय! सगळे नाव बघत होते. मी कागद खिडकीतून आबांना दिला.

आबा बोट ठेवून वाचतात. बोट पहिल्या नावावर गेलं, तिथे थांबलं. बुधाजी धर्माजी. मग खाली सरकलं. सदा धर्माजी. परत वर गेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. काम गेलं तरी चालेल, पण आबांनी असं बघू नये, असं मला तेव्हा वाटलं.

"मे महिन्यात शेवटी मीच आलेलो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. बाबाजींनी मागून कार्बन वर धरला. आबांनी तोही बोट ठेवून वाचला. मग ते पायऱ्यांकडे वळले. दीपेशने सवयीने हात पुढे केला, कागद घ्यायला आणि निरोप घ्यायला. आबांनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः खाली उतरले. खिडकीशी जमलेले सगळे धक्क्याकडे वळले. मी खुर्चीवर चढले.

"बुधा," आबा म्हणाले, "आज तुझं नाव पयलं. उद्या माझं."

काकाने हातातला पाना खाली ठेवला. उत्तर द्यायला त्याने आधी दीपेशकडे बघितलं. दीपेश वर पायरीवर, दूर. मधे कुणीच नव्हतं. काकाने कागद घेतला, वाचला, खिशात घातला.

"मंग चढ की," तो म्हणाला. "भरती काय तुझ्यासाठी थांबनार हाय?"

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. एकशे अठरा टोकनं बावीस मिनिटांत निघाली, त्यातली बरीचशी मिनिटं प्रिंटरात अडकलेल्या कागदाची. दादांच्या होडीला एक सेकंदही लागला नाही. त्यांचं नाव तिसरं आलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, घडी घातली आणि परवाची पाळी कुणाची ते मला हळूच विचारलं. शेवटची होडी सुटल्यावर त्यांनी ऋत्विकला माझ्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं की गणपतीला ये, जेवायलाच ये. माझ्या कायम होण्याचं पत्र बाबाजींनी त्याच दुपारी लिहिलं. हाताने लिहिलं, आणि माझं नाव एकदाच लिहिलं.

संध्याकाळी मी ऑफिस बंद करत होते तर दीपेश आला आणि पायरीवर बसला. तोंड एवढंसं. मी विचारलं, मासे नाही मिळाले? मासे मिळाले, म्हणाला. पण दिवसभर ते दोघं एकमेकांवर ओरडत होते. थेट. पुढून मागे, मागून पुढे. सहा वर्षांचं साठलेलं सगळं एका दिवसात बाहेर काढलं, आणि शिव्या तर अशा की कोलंबीही लाजली असती. मी मधे होतो तेव्हा अर्ध्या गाळून द्यायचो, तो म्हणाला. आता माझं काय काम?

जाळं ओढ, मी म्हटलं. तो हसला नाही. मग म्हणाला, "एक सांगू? रोज दुपारी बुधाकाका मला बोलायचा, विचार त्याला, जेवला काय. सा वरसं, रोज. आन सदाभाव बोलायचा, सांग त्याला, माझी काळजी नको. ते मी कवाच सांगितलं न्हाय. मी सांगायचो, जेवला."

हा माणूस सहा वर्षं त्या होडीच्या मधोमध बसून नको ते सगळं गाळत होता, आणि मी नारळावरून त्याच्यावर डोळे वटारले होते.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज बुधाकाकानं सोता विचारलं. मागून वरडून. जेवलास काय रं?"

"मग आबा?"

"बोल्ला, काय जेवू, दोघांचा डबा तर तूच घरी इसरलास."

"मग?"

"मंग काय," दीपेश उठला आणि चड्डीची वाळू झटकली. "दोघांनी मिलून माझा डबा खाल्ला. मी सकालपासून उपाशी हाय. शकूवहिनीला सांग, मी येतंय जेवायला."